अप-डाऊनचा इतिहास

दहावीला इतिहासाने मला काठावर पास करून सोडून दिले आणि मीही इतिहासाला सोडून दिले. पुढे कॉमर्सला गेलो. कॉमर्सला इतिहास नसतो, तिथे फक्त ‘मागील बाकी’ असते. ती पुढच्या पानावर ओढली की मागचे पान पुन्हा उघडायचे कारण नाही, अशी माझी समजूत होती. बँकेत लागल्यावर ती समजूत पक्की झाली. तिथे मागचे पान उघडायला फक्त ऑडिटर येतो, आणि तो आला की कुणाचेच भले होत नाही.

अशा माणसाच्या वाट्याला रोज एकशेसाठ किलोमीटर इतिहास यावा, याला नशीब म्हणतात. झाले असे की २००९ साली माझी अकोल्याहून वाशीमला बदली झाली. साहेबांनी बोलावून, ‘तुम्हाला जवळचेच ठिकाण दिले आहे’ असे सांगितले. साहेबांच्या नकाशात सगळीच ठिकाणे जवळ असतात, कारण त्यांना कुठेच जायचे नसते. घरी सभा भरली. बिऱ्हाड हलवावे की नाही? मुलाची शाळा, सौ.ची शिकवणी, गच्चीवरचे कुंड्यांचे रान आणि ऐंशी पार केलेली आमची आजी यांनी एकमताने ठराव मांडला, की बिऱ्हाड अकोल्यातच राहील आणि मी फक्त जाईन. म्हणजे अप-डाऊन.

आजीने तेवढे विचारले, ‘वाशीम म्हणजे नाक्याच्या अलीकडं की पलीकडं?’

‘कुठला नाका, आजी?’

‘कान्हेरगावचा. करोडगिरीचा.’

‘अलीकडं,’ मी म्हणालो. ‘नाका पुढं हिंगोलीच्या रस्त्याला राहतो.’

‘मग ठीक आहे,’ असे म्हणून ती वाती वळू लागली. नाक्याच्या पलीकडे बदली झाली असती तर तिने ती रद्द करवली असती, असा तिचा चेहरा होता.

आदल्याच वर्षी रेल्वेची मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली होती, पण गाडीची वेळ आणि बँकेची वेळ यांची पत्रिका जुळेना. शेवटी एस.टी.चा पास काढला. अप-डाऊन करणाऱ्यांचे एक मंडळ असते. त्याला घटना नाही, पण नियम कडक. खिडकीची जागा ज्येष्ठतेनुसार, पेपर एकाने विकत घ्यायचा आणि बाराजणांनी वाचायचा, आणि झोपलेल्या सभासदाचे डोके खांद्यावर आले तर ते मूग गिळून सहन करायचे. अकोला ते पातूर हा झोपेचा टप्पा. रस्ता सपाट, शेत सपाट, गाडीचा आवाजही सपाट. पातूरला मात्र मंडळाचे एक सभासद चढत. ते वाशीमच्या एका शाळेत इतिहास शिकवीत. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. सर चढले की झोप उतरत असे.

पहिल्या दिवशी ते माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी विचारले, ‘नवीन दिसता. घाटावरचे की घाटाखालचे?’

मला वाटले, पुण्या-मुंबईचे काही विचारताहेत. पण तसे नव्हते. वऱ्हाडाचे जुने भाग दोन : पाईनघाट आणि बालाघाट. अकोल्याकडचा पूर्णेच्या खोऱ्याचा काळाभोर सखल मुलूख तो पाईनघाट, आणि पातूरनंतर डोंगर चढून गेले की जे पठार लागते तो बालाघाट. ‘म्हणजे तुम्ही रोज सकाळी एक मुलूख सोडून दुसऱ्यात नोकरीला जाता,’ सर म्हणाले. त्या दिवशी मला प्रथमच वाटले, की आपल्याला बाहेरगावचा भत्ता मिळायला हवा.

पातूरला डोंगराच्या कडेला कोरीव लेणी आहेत आणि गावात शेख बाबूंचा दर्गा. जुन्या कागदांत गावाचे नावच ‘पातूर शेख बाबू’ असे लावलेले दिसते. लेणी रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसण्यासारखी असूनही मी ती तीन वर्षांत एकदाच पाहिली, आणि तीही गाडी बंद पडली म्हणून. वेरूळ-अजिंठ्याला हजार मैलांवरून माणसे येतात. आम्ही पातूरच्या लेण्यांसमोर उभे राहून ‘दुसरी गाडी केव्हा येणार?’ एवढाच प्रश्न विचारला. सर तेवढ्यात सगळ्यांना घेऊन लेण्यांत गेले. आत गार सावली होती. कंडक्टर म्हणाला, ‘सर, हे कोन खोदलं?’ सरांनी वाकाटकांच्या काळापर्यंतचे सांगितले. कंडक्टर म्हणाला, ‘बाप्पा! अन् आपल्या डेपोले एक शेड होऊन नाही राहिली.’

घाट लागला की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडायला लागे. सर त्या आवाजाच्या वर आवाज काढून बोलत. डोंगर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खंडाळा येत असेल तर तो काढून टाका. हा तसा नम्र डोंगर आहे. सागाची झाडे, उन्हाळ्यात नुसते सांगाडे, पावसाळ्यात थाळ्याएवढी पाने. घाट संपून मेडशी येते, मेडशीला चहा येतो. मेडशीच्या इतिहासात शिरायला सरांनाही वेळ नसे, कारण चहा पाच मिनिटांत संपवायचा असे. मग मालेगाव. नाशिकच्या मालेगावशी याचा संबंध नाही, हे इथल्या लोकांनी आयुष्यात किती वेळा सांगितले असेल ते मोजायला आमच्या बँकेचे कॅल्क्युलेटरही पुरणार नाहीत.

मालेगावहून रिसोडच्या बाजूला शिरपूरला फाटा जातो. तिथले अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणजे जैनांचे मोठे तीर्थ. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, अशी श्रद्धा, म्हणून अंतरिक्ष. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांचे ते आराध्य, आणि दोघांचा वाद इतका जुना की १९२९ साली तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला होता. मी अप-डाऊन करीत होतो तेव्हा मंदिराला १९८१ पासून लागलेले कुलूप तसेच होते. मला लॉकरच्या जॉइंट खात्याची आठवण होई : दोघांचीही सही लागते, आणि दोघे एका वेळी येत नाहीत. शेवटी २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दार उघडले. बेचाळीस वर्षे. एवढ्या काळात माणूस नोकरीला लागून निवृत्त होतो.

पण सरांची खरी समाधी लागे ती वाशीम दिसू लागल्यावर. ‘हे वाशीम नव्हे,’ ते म्हणत, ‘वत्सगुल्म!’

वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने चौथ्या शतकात ही शाखा स्थापली. याच शाखेत पुढे हरिषेण झाला आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. अजिंठा आमच्या वाशीमच्या मंत्र्याने मंजूर केलेले प्रकरण आहे, हे कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर जरा ताठ बसलो. पण गंमत पुढेच आहे. त्या लेण्यातल्या लेखात राजांची वंशावळ दिलेली आहे. अक्षरे झिजलेली, काही नावे लागत नव्हती, आणि लागली तीही चुकीची. सर्वसेनाचे नाव तर भलतेच वाचले गेले होते. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंद जुळत नव्हता. कुठली तरी एक नोंद सापडत नव्हती. ती नोंद १९३९ साली वाशीमलाच उजेडात आली : तांब्याचे पत्रे, दुसऱ्या विंध्यशक्तीचे, त्याच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी दिलेले. मग महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दोन्ही कागद, म्हणजे एक दगड आणि एक तांबे, शेजारी ठेवून हिशेब जुळवला आणि वाशीमची एक सबंध शाखा इतिहासाच्या खात्यावर जमा झाली. ज्याने कधी रात्री दहापर्यंत बसून सात रुपयांचा फरक शोधला आहे, त्यालाच मिराशींचा आनंद कळेल.

त्या ताम्रपटात काय आहे? एक गाव काही अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले आहे, एवढेच. पण मजकूर कसा, पाहा. राजाची वंशावळ संस्कृतात आणि कामाचा भाग प्राकृतात. आमच्या बँकेचे तेच आहे : वरचे बोधवाक्य संस्कृत, आणि ‘इथे सही करा’ हे आपल्या भाषेत. मग सवलतींची यादी. वाकाटकांच्या दानपत्रांत ही यादी असतेच. या गावात सैनिकांनी शिरू नये. गावकऱ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी बैल पुरवायचे नाहीत. दूध द्यायचे नाही, फुले द्यायची नाहीत, चारा द्यायचा नाही. वेठबिगार नाही. ही यादी सरांनी बसमध्ये म्हणून दाखवली तेव्हा मागच्या बाकावरचे एक ग्रामसेवक पुढे वाकले आणि म्हणाले, ‘सर, याचा अर्थ बाकीच्या गावांत हे सगळं द्यावंच लागत असंल न?’

सर क्षणभर गप्प झाले. ‘वा!’ म्हणाले, ‘हे पुस्तकात आहे, पण मला पुस्तक वाचून कळलं होतं. तुम्हाला नोकरी करून कळलं.’

आणि त्या दान दिलेल्या गावाचा पत्ता? नांदीकटाच्या ‘उत्तरमार्गा’तले गाव, असा. नांदीकट म्हणजे आपले नांदेड, असे मिराशी मानतात. मार्ग म्हणजे तिथे प्रांताचा एक भाग, आजच्या भाषेत तालुका-जिल्हा म्हणा. पण मला तो शब्द काही केल्या तालुक्यासारखा ऐकू येईना. आमची गाडी ज्या रस्त्याने धावत होती तो पुढे हिंगोलीवरून नांदेडलाच जातो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने पत्ता लिहिताना ‘मार्ग’ लिहिले, आणि मी त्या मार्गावर पास दाखवून उभा होतो. उभा, कारण त्या दिवशी बसायला जागा मिळाली नव्हती.

राजशेखराने तर कमालच केली. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांची जोडी सगळा देश हिंडते. आधी पूर्वेकडे, मग इकडे, मग तिकडे. तो काही तिला वश होत नाही. शेवटी विदर्भात वत्सगुल्मनगरात त्यांचे लग्न लागते. गांधर्व विवाह, म्हणजे मंगल कार्यालयाचा प्रश्न आला नाही. प्राकृतातल्या एका शैलीला या गावावरून ‘वच्छोमी’ असे नाव होते, हेही राजशेखराच्याच एका नाटकावरून कळते. राजा सर्वसेन स्वतः कवी. ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य त्याने लिहिले होते. ते आज उपलब्ध नाही. हे सगळे मी घरी येऊन उत्साहाने सौ.ला सांगितले. ती म्हणाली, ‘साहित्याचं लग्न वाशीमला झालं म्हणता, मग तुम्ही येताना तिथून भाजी तरी आणत जा.’

राजधानी गेली तरी गाव राहिले. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत बासिमचे नाव आहे. पुढे भोसल्यांच्या राज्यात साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात इथले बालाजीचे मंदिर बांधले. मूर्ती संकटाच्या काळात जमिनीत पुरून ठेवल्या होत्या आणि एका घोडेस्वाराच्या काठीने माती उकरली गेली तेव्हा दिसल्या, असे लोक सांगतात. मला ही गोष्ट आवडते. आमच्याकडेही महत्त्वाची फाइल अशीच सापडते : शोधायला गेल्यावर नाही, काठी पडल्यावर. इंग्रजांनी बासिमला जिल्हा केले आणि १९०५ साली तो जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळला वाटून टाकला. पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडले. ज्या गावाने त्र्याण्णव वर्षे बढतीची वाट पाहिली, तिथे मी माझ्या बढतीविषयी तोंड उघडणे शोभले नसते. म्हणून उघडले नाही.

आता नाक्याकडे येतो. खरे म्हणजे मला सुरुवातच तिथून करायची होती, पण गाडी अकोल्याहून सुटली त्याला मी काय करणार?

वऱ्हाडची गोष्ट शुद्ध बँकिंगची आहे. निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी एक फौज ठेवली होती. तिची एक छावणी या रस्त्यावरच पुढे हिंगोलीला. फौजेचा पगार थकला, थकबाकी वाढत गेली, आणि १८५३ साली कंपनीने वऱ्हाड तारण म्हणून ताब्यात घेतले. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. गहाण टाकलेला दागिना सावकाराच्या बायकोने पन्नास वर्षे अंगावर घालावा, तसे हे चालले. मग १९०२ साली लॉर्ड कर्झनने गहाणाचा कायमचा पट्टा करून घेतला : वर्षाला पंचवीस लाख रुपये, आणि दागिना कायमचा आमचा. निजामाला नाव तेवढे उरले. १९३६ साली त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. बेरार मात्र मिळाले नाही.

म्हणजे पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचा. आणि पलीकडे पाऊल टाकले की कान्हेरगाव. गावाच्या नावाला आजही ‘नाका’ चिकटून आहे. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. सात हाली द्यावे तेव्हा साधारण सहा कलदार. नदी एकच, पाणी एकच, दोन्ही काठांना भाषा एकच. पण लुगडे या काठावरून त्या काठावर नेले की त्याची किंमत बदलायची.

आजीचे सासर त्या काठावरचे. हे मला ठाऊक होते, पण जन्मतारीख ठाऊक असते तसे. मी रोज त्या रस्त्याने जातो म्हटल्यावर ती रात्री जेवताना एकेक विचारू लागली. मेडशीला वड आहे का? वाशीमला बालाजीपुढचा तलाव आटला का? आणि मग एकदा आपणहून सांगू लागली. १९४८ सालची सुरुवात. रझाकारांची दहशत. गावातली घरे एकेक करून रिकामी होत होती. ‘आम्ही नाक्यावरनं नाही आलो. नाक्यावर विचारतील, कुठं चाललात. खालच्या अंगानं नदीतनं उतरलो. रात्रीचं. तुझा बाप पोटात होता. सासूबाईंनी देव्हारा घेतला, मी जातं घेऊ म्हटलं तर सगळे हसले. तेवढंच हसलो त्या रात्री.’

वाशीमला ओळखीच्यांच्या ओसरीवर त्यांनी उन्हाळा आणि पावसाळा काढला. माझे वडील तिथेच जन्मले. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १३ तारखेला फौजा शिरल्या आणि १७ला निजामाने शरणागती पत्करली. दिवाळीच्या आत हे लोक बैलगाडी करून परत निघाले. या वेळी सरळ रस्त्याने, नाक्यावरून.

‘आणि गंमत ऐक,’ आजी म्हणाली. ‘नाक्यावर कुणीच नाही. टेबल आहे, खुर्ची आहे, माणूस नाही. गाडीवान म्हणाला, हाकू का? मामंजी म्हणाले, थांब. वाशीमला दोन नवी भांडी घेतलेली, त्याची पावती नको का? आयुष्यभर पावतीशिवाय ते नाका ओलांडले नव्हते. बसले की गाडी थांबवून! तासभर. ऊन वर आलं. तू पोराला... म्हणजे तुझ्या बापाला, मी पदराखाली धरलेलं. शेवटी एक गुराखी आला, म्हणाला, अहो बाबा, राज्य गेलं ना, आता कोण पावती देतंय? तरी मामंजी उतरले, टेबलावर दोन आणे ठेवले, आणि मग म्हणाले, हाक.’

‘हाली की कलदार?’ मी विचारले. माझ्यातला कारकून जागा झाला होता.

‘ते नाही रे आठवत,’ आजी म्हणाली. मग म्हणाली, ‘मला एकदा नेशील का तिथं? नुसतं बघायचंय. टेबल नसेलच म्हणा.’

मी नेतो म्हणालो. वाशीमहून तासाभराचाही रस्ता नाही. पण तेव्हा ऑक्टोबर होता आणि सहामाही होती. मग डिसेंबरात ऑडिट आले. मग मार्च, मार्चमध्ये बँकेच्या माणसाने कुणाला काही कबूल करू नये. मग ऊन होते, तिला सोसले नसते. मग पाऊस. विंध्यशक्तीच्या कारकुनाने गावाच्या पत्त्याची नोंद केली, ती सोळाशे वर्षे टिकली. मी रोज त्या रस्त्याने जात होतो, खिशात पेन होते, आणि त्या तीन वर्षांत आजीने सांगितलेल्या गोष्टींपैकी एकही मी लिहून ठेवली नाही. ज्या ओसरीवर माझे वडील जन्मले ती वाशीमच्या कुठल्या आळीत, हेही विचारले नाही. वडिलांना ते माहीत असणे शक्य नव्हते. २०१२ साली आजी गेली. त्याच वर्षी माझी बदली परत अकोल्याला झाली. साहेब म्हणाले, ‘तुम्हाला घराजवळच आणले आहे.’

आता तो रस्ता चौपदरी झाला आहे. राष्ट्रीय महामार्ग, १६१ क्रमांकाचा. घाट केव्हा चढला आणि केव्हा संपला कळत नाही. पाईनघाटातून बालाघाटात माणूस झोपेत जातो. रुंदीकरणात कडेची कडुनिंबे गेली. मेडशीचा वड आजी विचारायची तो कुठला, हे मला तेव्हाही नक्की कळले नव्हते, त्यामुळे तो गेला की आहे हेही सांगता येत नाही. सर निवृत्त झाले. परवा फोनवर म्हणाले, ‘पातूरची लेणी जागच्या जागी आहेत, तेवढी पाहून घ्या.’

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी सौ.ला घेऊन मी कान्हेरगावला गेलो. पैनगंगेचा पूल ओलांडला, गाडी कडेला घेतली. दुकाने, टपऱ्या, सोयाबीनची पोती, हिंगोलीची गाडी धरायला धावणारी माणसे. नाका कुठे होता, हे विचारले तर ‘हाच नाका की,’ असे तीन जणांनी तीन बाजूंना बोट करून सांगितले. एका हॉटेलात बसून दोन चहा घेतले, पैसे दिले. सौ. म्हणाली, ‘निघायचं?’ मी म्हणालो, ‘थांब जरा.’

पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. हॉटेलवाला कप उचलायला आला आणि रस्त्याकडे बघत बसलेल्या माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘कोणाची वाट बघताव, साहेब?’

‘पावतीची,’ माझ्या तोंडून निघून गेले.

‘चहाची पावती?’ तो चकित होऊन म्हणाला. ‘रोख तर दिलेत की तुम्ही.’